उदाहरणातला नंबर

“लागंल तेवढं पाणी घाल गं,” भाकरीच्या पिठाशी बसून जनी आत्या सांगायची. लागंल म्हणजे किती, असं विचारलं की म्हणायची, “हाताला कळतंय.” पोशीरच्या हर्षलाच्या हाताला ते कधीच कळलं नाही. पुढे योगेंद्रचं सॉफ्टवेअर हाती आलं, तेव्हा त्याच्या माहितीपानावर तिला तोच आवाज ऐकू आला: ‘नवी सोय जोडायची असल्यास लागतील ते बदल करावेत.’ पान तिथेच संपत होतं.

हॉटेलच्या खोल्यांची नोंद ठेवणारं ते सॉफ्टवेअर शिळफाट्याच्या योगेंद्रने दहा वर्षांपूर्वी लिहून सगळ्यांना खुलं केलं होतं. कोणीही घ्यावं, उघडून बघावं, आपली सोय त्याला जोडावी. कशी जोडावी, हे मात्र त्यालाच फोन करून विचारावं लागे. माथेरानच्या एका हॉटेलसाठी हर्षलाने चार महिने रोज संध्याकाळी फोन केला. तो एका फोनला एकच गाठ सोडवी. गाठी संपायच्या आत हंगाम संपला आणि हॉटेलने तिला नारळ दिला.

माझं झालं ते दुसऱ्या कुणाचं नको, म्हणून तिने चाळीस पानांची मार्गदर्शिका लिहिली, लेकराला घास भरवावा तशी. अकराव्या पानावर उदाहरण होतं: माथेरानात गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर पाहुणा उतरला की घोडेवाल्याला निरोप जावा. उदाहरणाला एक नंबर हवा होता. तिच्या बोटांना एकच पाठ होता, तोच उमटला. खाली तिने लिहिलं, ‘इथे आपला नंबर घालावा.’ मार्गदर्शिका सॉफ्टवेअरसोबत ठेवायला योगेंद्रने न वाचताच मंजुरी दिली.

लोकांनी उदाहरण जसंच्या तसं उचललं. खालची ओळ कोणी वाचली नाही. आठवड्याभरात योगेंद्रचा फोन थरथरू लागला. ‘पाहुणे दोन, बॅगा चार. घोडा पाठवा.’ केरळातल्या एका हाउसबोटीवरूनही ‘घोडा पाठवा.’ शेवटी दस्तुरी नाक्यावरच्या नागू घोडेवाल्याचाच फोन आला.

“दादा, माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडं. तुमी घोडं कधी घेतलं?”

“नाय रं बाबा.”

“मग त्यांना उन्हात कशाला उभं केलंय?”

योगेंद्रने हर्षलाला कळवलं, मार्गदर्शिका काढून टाकतोय. ती तशीच शिळफाट्याला आली.

“सगळ्यांना सांगून नंबर बदलून घेतलेत, दादा. काढू नका. सत्तावीस जणांनी सोयी जोडल्यात तिच्यावरून.”

“जोडल्यात ना. एकानं तरी मला विचारलं?”

“विचारायला लागू नये म्हणूनच लिहिली.”

“तेच म्हणतोय मी.” त्याने टेबलावरच्या मुक्या फोनकडे पाहिलं. “सकाळपासनं घोडासुदिक मागितला नाय कोणी.”

“माझं काम गेलं, दादा. तुमाला लिहायला जमत नाय, म्हणून मी बसले लिहायला.”

पुसून टाकायच्या बटणावरचं बोट त्याने हळूच उचललं.

“जमत नाय असं नाय गं. पयल्याच वर्षी लिवून ठेवलंय मी. तुझ्यापेक्षा बरं हाय. दिलं असतं, तर संध्याकाळी फोन कोणी केला असता?”