बंडामामांचा मांडव

बंडामामांच्या शेडमध्ये उभं राहून तुम्ही ‘पिंजरा’ म्हणालात, तर ते वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारतात, दाराकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, “पावणं, पोपट आणलाय व्हय? मग बाजारात जावा.”

मी नेमका तोच शब्द वापरला होता. माझी मुलगी पल्लवी मोटारींच्या शर्यतीत उतरते. गाडी उलटली तरी आतल्या माणसाचा चेंदामेंदा होऊ नये, म्हणून आत पायपांचा मजबूत सांगाडा बसवावा लागतो. रोल केज. तो नसेल तर शर्यतीत घेत नाहीत. शर्यत तीन आठवड्यांवर आली होती आणि उद्यमनगरात हे काम करावं तर बंडामामांनीच, असं जो तो सांगत होता. माणूस विक्षिप्त आहे हे मात्र एकानंही सांगितलं नाही. लेकाचे!

“मांडव म्हणायचं,” मामांनी मला शिकवलं. “पिंजऱ्यात कोंडत्यात. मांडवाखाली पोरगी उभी करत्यात.”

पल्लवी सव्वीसची. घरी येणारा प्रत्येक नातेवाईक ‘मांडव कधी?’ एवढंच विचारतो. त्यात हा मांडव! मी कपाळावर हात मारून घेतला.

सीटमागची मोठी कमान उभी करायच्या दिवशी मामा म्हणाले, “वैनीस्नी आणा. मुहूर्तमेढ हाय.”

“अहो, तिला ही शर्यत मान्य नाही. मायलेकींचा अबोला आहे घरात.”

“मग तर आणाच की.”

ही आली. नुसती आली नाही, नारळ, हळदकुंकू आणि आंब्याचा डहाळा घेऊन आली. महिनाभर लेकीशी न बोललेली बाई पायपाला हळद लावता लावता म्हणाली, “पट्टा घट्ट बांधत जा गं.” मी आपला नारळाची शेंडी धरून उभा.

मोजमापाचं तर विचारूच नका. मी शाळेत भूमिती शिकवतो. मामांच्या खिशात टेप असते, पण ती पाठ खाजवायला. पल्लवीला हेल्मेट घालून सीटवर बसवायचं आणि हेल्मेट नि वरचा पाइप यांच्यामध्ये चार बोटं घालून बघायची.

“कुणाची चार बोटं?” मी विचारलं.

“माझी. दुसऱ्याची कशाला?”

मी आणलेली फूटपट्टी पुन्हा पिशवीत टाकली.

त्यात ते सांध्यांचं वेड. पायपाचं तोंड घासून घासून दुसऱ्या पायपावर असं बसवायचं की मधून उजेड दिसता कामा नये. मामा मागून बॅटरी धरत, एक डोळा मिटत आणि ओरडत, “उजेड दिसतोय की!” की निघाला पाइप. दाराजवळचा एकच पाइप त्यांनी नऊ वेळा काढला.

“मामा, भरेल की ती फट वेल्डिंगनं! शर्यत चार दिवसांवर आलीय!”

“मास्तर, पेपर तपासताना पोरांच्या चुका तुम्ही भरता व्हय?”

आणि पुन्हा घासायला बसले. असा संताप आला म्हणून सांगू!

शुक्रवारी गाडी मिळाली एकदाची. निघताना मामांनी अट घातली, “शर्यत झाली की मांडवपरतणीला यायचं. गाडी आनि पोरगी, दोनी.” लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी येते, तिला मांडवपरतणी म्हणतात. गाडीची कसली आलीय मांडवपरतणी? मी तोंडदेखलं हो म्हटलं.

“तुम्हीच या की शर्यत बघायला.”

“न्हाय बा. मला बघवत न्हाय.”

रविवारी शर्यतीआधी तिथल्या तपासनिसानं कमानीवरचा पिवळा डाग बघून विचारलं, “गंज आहे का?” “हळद आहे,” मी म्हणालो. त्यानं डागावर बोट फिरवून वास घेतला आणि सही केली.

तिसऱ्या फेरीत वळणावर गाडी घसरली आणि दोनदा उलटली. मी तिकडे धावत सुटलो. धूळ खाली बसली तेव्हा पल्लवी खिडकीतून बाहेर येत होती. टप पार चेपला होता. मांडव जागचा हलला नव्हता.

“घरी चल,” मी म्हटलं.

“आधी परतणी, बाबा.”

चेपलेली गाडी टेम्पोवर चढवून संध्याकाळी शेडवर गेलो. सुट्टीमुळे सगळीकडे कुलपं, मामांचं शटर तेवढं उघडं. इस्त्रीचा सदरा घालून ते दारात खुर्ची टाकून बसले होते. आत कामाच्या टेबलावर कागद अंथरून तीन ताटं मांडलेली. कटाची आमटी आणि पुरणपोळ्या. पोळ्या कुणी लाटल्या असतील ते आकारावरूनच कळत होतं.

गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पल्लवीची मान, खांदे, कोपर एकेक करून चाचपलं. मग खाली मान घालून बराच वेळ नाक पुसत राहिले.

“मामा, आम्ही आलो नसतो तर हे सगळं...?”

“दर मांडवाला रांधतो की, मास्तर. पोरं फोन करत्यात, मामा, लई भारी झालं म्हणत्यात. परतणीला अजून कोण आलं न्हवतं.”

पल्लवीनं त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. तीन आठवडे या माणसावर मी खेकसत होतो. मला माझीच लाज वाटली. घास हातात तसाच राहिला.

मामांनी काळजीनं माझ्या ताटात डोकावून पाहिलं. “काय झालं? पोळी फुटलीया व्हय? उजेड दिसतोय?”

“नाही मामा,” मी म्हटलं. “कुठंच नाही.”