बिबटरावांच्या कांजिण्या

एका जंगलात, बाळांनो, आजार डोळ्यांनी मोजायची रीत होती. ए मागचे, खाजवणं थांबवा आणि ऐका!

त्या जंगलात कांजिण्यांची साथ आली. सशाची पिल्लं फोडांनी भरली, कडुलिंबाच्या पाल्यावर लोळली आणि पुन्हा उड्या मारू लागली.

मग कांजिण्या झाल्या बिबटरावांना. बिबटराव म्हणजे दोन पोरांचे बाप. मोठ्यांना हा आजार जड जातो. अंग तापलं, धाप लागली. पण फोड काही दिसेनात. दिसणार कसे? अंगभर ठिपके जन्मापासूनचेच!

बिबटीणबाईंनी त्यांना कसंबसं अस्वल डॉक्टरांच्या गुहेत नेलं.

"हे तर नेहमीसारखेच दिसतायत," डॉक्टर लांबूनच म्हणाले. "आणि हा पोरासोरांचा आजार. घरी न्या."

"अहो, रक्त तरी तपासा!"

रक्त तपासलं जळूबाईंनी. त्यांचा तो धंदाच. रिपोर्ट आला: प्लेटलेट घसरलेल्या, यकृताला सूज.

"दुखणं आत शिरतंय. आजच दाखल करा," जळूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट उलटासुलटा पाहिला. "यात फोड किती ते कुठाय? फोडांशिवाय खाट देत नाही आम्ही."

गुहेतल्या एकुलत्या एका खाटेवर राजेसाहेबांचे मेहुणे झोपले होते. त्यांच्या नाकावर एकच फोड होता. पण काय टपोरा!

घरी आल्यावर बिबटराव पोरांनाही ओळखेनात. मग बिबटीणबाईंना असा राग आला, असा राग आला, की रडायचंच राहून गेलं. पोरांच्या कांजिण्यांतलं उरलेलं गुलाबी लोशन त्यांनी काढलं आणि नवऱ्याच्या एकेका ठिपक्यावर थापलं. शेपटीसुद्धा सोडली नाही.

नवऱ्याला घेऊन त्या पुन्हा गुहेत गेल्या. डॉक्टर किंचाळलेच.

"अरे देवा! केवढे हे फोड! खाट रिकामी करा! इतका वेळ झोपला होतात का हो, बाई?"

मेहुणे उठले. बिबटरावांना खाट मिळाली, सलाईन लागलं, औषध मिळालं. वाचले बिचारे.

पुढे फोड वेळेवर ओळखल्याबद्दल डॉक्टरांचा दरबारात सत्कार झाला. जळूबाईंना मात्र विनाकारण रक्त काढल्याबद्दल नोटीस आली. बिबटीणबाई सत्काराला गेल्या नाहीत. त्या नवऱ्याला आंघोळ घालत होत्या.

तात्पर्य: आजार रक्तात कितीही असो, बाळांनो, तो लांबून दिसला पाहिजे. म्हणून मोठेपणी आजारी पडायच्या आधी अंगाला रंग लावून घ्यावा, आणि थोडा जास्त नाकाला.