चार हातांची विरळणी

परसातल्या नासपतीला यंदा मी वठणीवर आणणारच, असं मी भर जेवणात जाहीर केलं! दरवर्षी घोसच्या घोस लागायचे, पण फळं लिंबाएवढी आणि खडूसारखी कोरडी. सासऱ्यांनी तर शेजाऱ्यांकडून करवतही आणून ठेवली होती.

"हा शेवटचा हंगाम," ते म्हणाले.

मला मात्र माझ्या लेकीला घरच्या झाडाचं फळ भरवायचं होतं. ही पोरगी तोंडात घातलेलं सगळं थुंकते, आणि मी रात्रंदिवस तिच्या वजनाची काळजी करते!

मी भरपूर वाचून उपाय शोधला होता. "फळं सुपारीएवढी असतानाच विरळ करायची. दोन फळांत एक वीत अंतर. मग उरलेली पोसतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुपारी लेक झोपल्यावर मी कात्री घेतली. एकेक फळ तोडताना "माफ कर रे बाळा" म्हणत, कसंबसं झाड उरकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघते तर काय! झाड नुकतंच न्हाव्याकडून आल्यासारखं भुंडं!

"अहो, चोरी झाली!" मी किंचाळले. सगळे धावत आले.

"चोरी कसली? मीच सकाळी थोडी काढली," सासूबाई म्हणाल्या. "लेकीची नखं कापताना रडतेस तू! तुझ्याच्यानं काय तुटणार?"

"थोडी मीही काढली," नवरा पुटपुटला. "आई, तू अंतर कुठे ठेवलं होतंस?"

"तू तरी कुठे ठेवलंस?" सासरे गरजले. "शेवटी मीच मोजून नीट केलं!"

"कशानं मोजलंत?"

"वितीनं! तूच सांगितलंस ना?"

चौघांनी पंजे पसरून एकमेकांशेजारी धरले. माझी वीत चिमणीची, सासऱ्यांची गरुडाची! झाडावर उरली होती मोजून सात फळं.

त्या सातांना मी जिवापाड जपलं. लेकीच्या जुन्या लंगोटांच्या पिशव्या शिवून एकेका फळाला घातल्या. शेजारीण म्हणाली, "झाडाला बाळं झाली की काय गं?" म्हणू दे!

अखेर पहिली पिशवी सोडली. आत मुठीएवढं, पिवळंधमक फळ! लेकीला फोड दिली. रस कोपरापर्यंत ओघळला. आम्ही चौघं श्वास रोखून, आता थुंकते की मग थुंकते!

तिनं गिळलं. मग चिमणीसारखा आ केला. "अजून!"

सासरे उठले. करवत उचलली आणि शेजाऱ्यांना परत देऊन आले.

आता भेटेल तो विचारतो, "काय मग, गोड आहेत का?" आम्ही चौघंही जोरात "हो" म्हणतो. खरं सांगू? सातही फळं लेकीनं संपवली. आम्हाला अजून सालसुद्धा चाखायला मिळालेली नाही!