दगड ज्याचा, शेवाळ त्याचं

वादळ ओसरलं तसा फेस्टी हातातला चहा टाकून किनाऱ्यावर धावला. समुद्राने बेटाच्या दारात शेवाळाचे ढिगारे आणून टाकले होते. या खडकाळ बेटावर शेवाळाच्या खताशिवाय बटाटा तर सोडाच, गवतही धड उगवत नाही. शेवाळ सगळ्यांचं, पण कायदा एकच: भरतीच्या रेषेवर ढीग ओढायचा आणि वर आपला दगड ठेवायचा. मालकाने स्वतःच्या हाताने तो उचलेपर्यंत ढिगाला कुणी बोटही लावत नाही.

दर उन्हाळ्यात सेंट जॉनच्या सणाला बेटावरचा सर्वांत चांगला बटाटा निवडला जातो. तो मान वर्षानुवर्षं फेस्टीचाच होता. यंदा मात्र शेजारच्या कोलमनने भर पबमध्ये त्याला आव्हान दिलं होतं. मग काय, फेस्टी एका ढिगावर थोडाच थांबणार! संध्याकाळपर्यंत अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्या परसातले पांढऱ्या पट्ट्याचे दगड मिरवू लागले.

"एवढं नेणार कोण?" त्याची बायको नोरा म्हणाली.

"कोण म्हणजे? मी!" फेस्टीने छाती काढली, शेवटचा दगड ठेवायला वाकला, आणि कमरेत अशी उसण भरली की त्याला झोळी करून घरी न्यावं लागलं.

फेस्टी अंथरुणात आणि शेवाळ किनाऱ्यावर, दोघंही पडून राहिली. त्यातलं शेवाळ कुजू लागलं. माश्या आल्या, वास चर्चपर्यंत पोचला. कोलमनचं पाहुण्यांसाठीचं घर नेमकं किनाऱ्यासमोर होतं. पहिलेच पाहुणे नाकाला रुमाल लावून परतीच्या बोटीत बसले.

कोलमन तणतणत फेस्टीकडे आला. "अरे बाबा, तू नुसतं हो म्हण. आम्ही सगळं उचलून तुझ्या शेतात टाकतो."

"तुझ्या हातचं शेवाळ माझ्या शेतात? आणि मग बटाटा चांगला आला, की मान कुणाचा?"

"मग आम्हाला तरी नेऊ दे!"

"माझा दगड आहे त्याच्यावर."

"मग उचल की तो!"

"उठता येत असतं तर उचलला नसता?"

नोराने कपाळावर हात मारला आणि घराचं मागचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. फेस्टीला त्या दारावर आडवं घातलं, दार कोलमनच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत ठेवलं, आणि वरात किनाऱ्यावर निघाली. प्रत्येक ढिगापाशी चौघंजण दार तिरकं करीत, फेस्टी कण्हत हात लांबवी आणि दगड उचली.

"मी हात लावू का?" कोलमनने न राहवून विचारलं.

"खबरदार!"

शेवटचा दगड त्याच्या हातून निसटून वाळूत पडला. कोलमनने तो गुपचूप खिशात टाकला. लोकांनी शेवाळ आपापल्या शेतात नेलं. फेस्टीचं शेत यंदा खताविनाच राहिलं.

सणाच्या दिवशी फेस्टी काठी टेकत सभागृहात आला, पहिल्यांदाच रिकाम्या हाताने. वाफाळलेल्या बटाट्यांवर लोणी वितळत होतं. फादरनी सगळे चाखले आणि कोलमनची बादली पुढे ओढली. टाळ्या वाजल्या. फेस्टी छताकडे बघत राहिला. त्याच्या मनाला फार लागलं होतं.

कोलमन उठला, त्याने खिशातून पांढऱ्या पट्ट्याचा दगड काढला आणि आपल्या बादलीतल्या बटाट्यांवर ठेवला. फादरनी बटाट्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आता?" कोणीतरी कुजबुजलं.

"आता काय! दगड ज्याचा, माल त्याचा," कोलमन म्हणाला. "शेवाळ त्याचंच होतं ना."

फेस्टीने दोनदा घसा खाकरला. "नोरा, माझी कंबर... तूच उचल बाई."

"मी नाही हात लावायची. कायदा आहे."

फेस्टीने काठी भिंतीला टेकवली. सगळ्या बेटादेखत तो कण्हत कण्हत वाकला, दगड उचलून खिशात टाकला, एक बटाटा सालीसकट तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

"चांगला आहे," तो ताठ होत म्हणाला. "माझाच आहे, चांगला असणारच. घे कोलमन, तूही खा."