झिपरी खारीची नॉर्मल कवळी

एका जंगलात, जिथे रेंज फक्त पिंपळाच्या शेंड्यावर यायची, झिपरी नावाची एक खार राहायची.

मुलांनो, ऐकताय ना? चाळिशीचा चष्मा शोधत बसलेल्या मुलांनीसुद्धा ऐका. आपल्यासाठीच आहे ही गोष्ट.

तर झिपरीला दात नव्हते. आले आणि पडले असं नाही. जन्मापासून आलेच नाहीत. आई चारोळी फोडायची आणि आतला मऊ दाणा तिला भरवायची. पण आता आईचेच दात झिजले होते.

"माझ्यामागे तुला कोण गं फोडून देणार?" आई रोज म्हणायची.

तेवढ्यात जंगलात डिजिटल दातांचा दवाखाना निघाला. डॉक्टर होते बगळे. पांढरा कोट जन्मापासूनच अंगावर. त्यांनाही दात नव्हते, पण त्यांचं कधी अडलं नव्हतं.

त्यांनी झिपरीच्या तोंडात कॅमेरा फिरवला. "झालं. आता कॉम्प्युटर नॉर्मल दात बसवेल."

"नॉर्मल म्हणजे कुणासारखे हो?" आईने विचारलं.

"मावशी, नॉर्मल म्हणजे नॉर्मल."

आता कॉम्प्युटरने आजवर एकच दातवालं तोंड बघितलं होतं. उद्घाटनाला आलेल्या वाघोबांचं.

कवळी छापून आली. हिरड्यांवर अगदी चपखल बसली. फक्त दोन सुळे हनुवटीखाली लोंबत होते.

झिपरीने चारोळी तोंडात टाकली. ती सुळ्यांमधून घरंगळून खाली पडली.

डॉक्टरांनी स्क्रीन बघितला. "दात अचूक आहेत. मुलीचं तोंड जरा लहान पडतंय. होईल सवय."

मायलेकी रडवेल्या होऊन निघाल्या. वाटेत माकड बसलं होतं. झिपरीला रोज "ए बोळके!" म्हणून चिडवणारं.

"ए बो..." त्याने खाली वाकून बघितलं. मग शेपूट आवरून घेतली. "झिपरीताई, काही हवं होतं का?"

"हारोळी," झिपरी म्हणाली. सुळ्यांमुळे 'च' निघत नव्हता.

"फोडून देऊ?"

"हो."

संध्याकाळी माकड ओंजळभर सोललेली चारोळी दारात ठेवून गेलं. उद्या किती आणू, हेही विचारून गेलं.

झिपरीने कवळी काढून ठेवली आणि हिरड्यांनी दाणे चघळायला घेतले.

"टोचतात ना गं?" आई म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडून जरा घासून आणू."

"काहीतरीच काय, आई! धार जाईल ना."

तात्पर्य: दात चावण्यासाठी असतात, हा गैरसमज आपलं आपण फोडून खाणाऱ्यांनी पसरवलेला आहे.