तीसपैकी नऊ

"बाबा, आधी मेंदूची तपासणी, मगच शिमगा. तोवर गावी एकटं जायचं नाही!" सर्वेशने फर्मान सोडलं. कारण एवढंच, की गुणाजींनी नातीला लेकीच्या नावाने हाक मारली. आता ही चूक कोणाच्या घरात होत नाही? पण गिरणीत असतानाही एक शिमगा न चुकवलेले गुणाजी मुकाट्याने सोसायटीच्या हॉलमधल्या 'सुदृढ मेंदू शिबिरा'त जाऊन बसले.

"आजोबा, आज तारीख काय?" तरुण डॉक्टर अनयने विचारलं.

"फाल्गुन शुद्ध दशमी."

अनयने फुली मारली. "आपण आत्ता कुठे बसलोय?"

"आमच्या चाळीच्या विहिरीवर."

त्यात खोटं काय होतं? चाळ पाडून टॉवर झाला, विहीर बुजवून हा हॉल झाला. पण परवा बोरीवलीत आलेल्या पोराला विहीर कुठून दिसणार? दुसरी फुली.

"बरं, शंभरातून सात-सात वजा करत जा."

"अरे, हे बालवाडीचं झालं! औटकी ऐक." गुणाजींनी साडेतीनचा पाढा खणखणीत सुरू केला. "दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा..."

अनयने लिहिलं, 'असंबद्ध बडबड'. तीसपैकी नऊ.

गेला शिमगा! गुणाजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण सकाळपासून मागच्या खुर्चीत, हातात शाईचं पेन घेऊन बसलेली त्यांची बायको शेवंती उठली आणि तीसपैकी तीस मिळवून आली. मग सर्वेशने तोडगा काढला, बाबा आईच्या ताब्यात जातील.

एसटी सुटताना तो म्हणाला, "आई, बाबांचा हात सोडू नकोस. कुठे उतरायचं ते लक्षात आहे ना?"

"सगळा हातार आसा रे माज्या!"

पनवेलला वडे खाऊन, हात धुऊन शेवंती परत आली आणि नवऱ्याच्या कानाशी लागली. "अवो, आपल्याक खंय उतरूचा?"

"काय? तुका तीसपैकी तीस ना?"

शेवंतीने ओला तळहात पुढे केला. निळी शाई मनगटापर्यंत ओघळली होती. "तपासणीच्या येळाकय उत्तरां हयसरच लिवलेलंय. आता हात धुतलंय, गेला सगळा. सर्वेशाक सांगशात?"

"खुळी काय गो?" गुणाजींनी तो निळा हात घट्ट धरला. "फुडच्या वर्साकय माका तुझ्याच ताब्यात येवचा आसा!"