मधूच्या बंदुकीचा नंबर

अच्युतराव रिसबुडांच्या जानव्याला एक किल्ली होती. इंग्लंडात पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगावर जानवं असावं हेच मुळात नवल, त्यात ही किल्ली. आणि ती देवघराची किंवा तिजोरीची नव्हती, बंदुकांच्या कपाटाची होती. कपाटाची किल्ली परवानेवाल्याशिवाय कुणाच्या हाती लागता कामा नये, असा तिथला नियम. एकदा नवीन आलेल्या पोलीस अंमलदाराने तपासणीच्या वेळी "अँड वेअर डू यू कीप द की, डॉक्टर?" म्हणून विचारलं, तर अच्युतरावांनी शांतपणे टाय सैल केला, शर्टाची वरची बटणं काढली आणि आत हात घातला. तो बिचारा दाराकडे सरकला होता.

नॉटिंगहॅममध्ये ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आमचे हे त्याच हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर, त्यामुळे दोघांचा दिवस एकाच ऑपरेशन थिएटरात. अच्युतरावांचं लग्न राहूनच गेलेलं. आठवडाभर लोकांना झोपवायचं आणि रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन अर्ध्या जिल्ह्याची झोप उडवायची, हा त्यांचा शिरस्ता.

बंदुका सगळ्या जुन्या, लष्करातून निवृत्त झालेल्या. त्यांत मार्टिनी नावाची एक थोरली होती, व्हिक्टोरिया राणीच्या फौजेतली. तिची गोळी माझ्या अंगठ्याएवढी जाड. ती उडाली की एवढा धूर व्हायचा की गोळी कुठे लागली हे कळायला धूर विरेपर्यंत थांबावं लागायचं, आणि तेवढ्यात क्लबातले म्हातारे इंग्रज फ्लास्कातला चहा ओतून घ्यायचे. तिच्या दणक्याने अच्युतरावांचा खांदा सोमवारपर्यंत वांग्याच्या रंगाचा व्हायचा. "अच्युत, यू आर अ डॉक्टर, फॉर हेवन्स सेक," असं म्हणत आमचे हे तपासायचे. अच्युतराव म्हणायचे, "अरे, मीच फ्लिंच झालो, दचकलो. श्वास अर्धा सोडायला विसरलो."

श्वास अर्धा सोडा, हा त्यांचा सगळ्या दुखण्यांवरचा उपाय. नेम धरताना श्वास अर्धा सोडायचा, तसाच मोटरवेवर लेन बदलताना, तसाच कौन्सिलच्या माणसाशी फोनवर बोलताना. एकदा मी पुऱ्या तळत होते आणि एकही फुगेना. अच्युतराव मागे उभे. "वहिनी, श्वास अर्धा सोडा, मग झारा लावा." मी झारा त्यांच्याच हातात दिला. त्यांची पुरी फुगली, याचा राग मला अजून आहे.

मार्टिनीची दारू जुन्या पद्धतीची, काळी. ती उडवली की नळीत काजळी धरते आणि उकळत्या पाण्याने धुतली नाही तर गंज चढतो. म्हणून रविवारी संध्याकाळी त्यांच्या बाथटबात तिचं न्हाणं चाले. किटल्यांवर किटल्या उकळायच्या, नळीतून पाणी ओतायचं, फडक्याने पुसायचं आणि मग तेल. मी त्याला अभ्यंगस्नान म्हणायचे. "उटणं देऊ का?" असं विचारलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "नको, ग्रिटी असतं. बॅरलला स्क्रॅचेस पडतील."

खंडेनवमीला मात्र त्यांचा खरा थाट. सगळ्या बंदुका सतरंजीवर ओळीने मांडायच्या, बागेतल्या झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू वाहायचं, आरती करायची. आमची लेक, जन्माने इंग्लिशच, लांबूनच हात जोडून म्हणायची, "काका, तुमचा बंदूक मला आवडतो, पण टच नाही करणार." एका वर्षी नेमका त्याच दिवशी तो अंमलदार तपासणीला आला. झेंडू बघून तो हसला, कुंकू बघून हसायचा थांबला. "मे आय आस्क व्हॉट द रेड स्टफ इज?" अच्युतराव म्हणाले, "मेंटेनन्स, ऑफिसर. रिलिजस मेंटेनन्स." मी त्याच्या हातात श्रीखंडाची वाटी दिली. पुढच्या वर्षी त्याने आधी फोन करून विचारलं, "धिस इयर्स फेस्टिव्हल, व्हेन इज इट?"

त्या ओळीत सगळ्यात शेवटी एक साधी, डागाळलेल्या लाकडाची थ्री-नॉट-थ्री असे. बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली. झेंडूची सगळ्यात मोठी माळ तिला. मार्टिनी सोडून हिचं कौतुक का, असं मी एकदा जेवताना विचारलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मधूचं नाव ऐकलं.

मधू त्यांचा धाकटा भाऊ. मॅट्रिकला दोनदा आपटला आणि वाईहून पळून जाऊन फौजेत भरती झाला. "हॅपीएस्ट सोल्जर तुम्ही पाहिला नसेल," अच्युतराव म्हणाले. "तेराचा पाढा मरेपर्यंत... म्हणजे कधीच आला नाही त्याला. पण रजेवर आला की आईसमोर ताठ उभा राहून आपल्या रायफलचा नंबर घडाघडा म्हणायचा. आई म्हणायची, मेल्या, हाच जर पेपरात विचारला असता तर तू पहिला आला असतास." बासष्ट साली चीनच्या लढाईत त्याची पलटण वरती, बर्फात होती. तिच्यातले काही परत आले. मधूच्या नावापुढे 'बेपत्ता' एवढंच आलं. अच्युतराव नंतर दोन वर्षांनी इकडे निघून आले.

तो नंबर वाईच्या घरात सगळ्यांना पाठ झाला होता. एम, चार, शून्य, सात, तीन, एक. जुन्या झालेल्या हिंदुस्थानी रायफली इकडच्या बाजारात येऊ लागल्या, तेव्हापासून अच्युतराव शस्त्रांच्या जत्रांना जायला लागले. कुठे बर्मिंगहॅमला, कुठे कार्डिफला. इशापूरची बंदूक दिसली की खिशातून भिंग काढायचं, बोल्टच्या मुठीमागचा नंबर वाचायचा, बंदूक जागेवर ठेवायची. कुठल्याशा एका जत्रेत त्यांनी ही डागाळलेली घेतली. नंबर वेगळाच होता. जाऊन आले की मी विचारायचे, "सापडली का हो?" ते मान हलवायचे. मला फार वाईट वाटायचं. रात्री देवाजवळ दिवा लावताना मी आपलं म्हणायचे, एवढी एक बंदूक मिळू दे रे त्यांना.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं होतं. एका शनिवारी सकाळी दारात उभे. "वहिनी, संडेला फ्री आहात? बर्मिंगहॅमला फेअर आहे. कुणीतरी इंडियन रायफल्सचं अख्खं क्रेट आणलंय म्हणे. मला ड्रायव्हिंग अलाउड नाही अजून. आणि..." थोडं थांबून म्हणाले, "नंबर वाचता येणार नाही मला."

आमच्या यांची ऑन-कॉल ड्यूटी होती. मी गाडी काढली.

जत्रा एका मोठ्या हॉलमध्ये होती. टेबलांवर टेबलं, हेल्मेटं, बिल्ले, संगिनी आणि या सगळ्यांत साडी नेसलेली मी एकटी. इशापूरच्या रायफली एका टेबलाशी उभ्या करून ठेवल्या होत्या, सगळ्या निकामी केलेल्या, भिंतीवर टांगायच्या लायकीच्या. विकणारा ऐसपैस माणूस होता. "टेक युअर टाइम, लव्ह," म्हणाला आणि आपलं सँडविच खात बसला.

मी भिंग घेतलं. एकेक वाचत गेले. अच्युतराव बाजूला उभे, हात टेबलाच्या काठावर. नंबरामागून नंबर, कुठे पी, कुठे के. मग एकीवर मला एम दिसला. तेलकट कचरा पदराने पुसला. चार. शून्य. "अच्युतराव, एम चार शून्य आहे." पुढचा आकडा झिजला होता. मी बंदूक उजेडाकडे वळवली. सात. त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी डोळे मिटले होते, आणि श्वास अर्धासुद्धा सोडलेला नव्हता.

"आठ, सहा," मी म्हणाले. "नाही हो. शेवटचे दोन वेगळे आहेत. सॉरी, अच्युतराव."

त्यांनी श्वास सोडला. विकणाऱ्याजवळच्या रिकाम्या खुर्चीवर मी बसवलं त्यांना. मला रडू येत होतं, इतक्या जवळ येऊन हुकलं म्हणून. मी म्हणाले, "मिळेल हो. कधीतरी नक्की मिळेल. मी रोज देवाला सांगते."

"नका सांगू, वहिनी," ते म्हणाले.

मी भिंग टेबलावर ठेवलं.

"मधू बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली तेव्हा मी रजेवर वाईला गेलो होतो, भटजी घरी आले होते. म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्या, मग श्राद्ध करता येईल. थोरला भाऊ मी. आईने त्यांना दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, बंदूक टाकून येणाऱ्यांतला नाही तो, बंदूक परत आली का? नाही ना? मग तो आहे तिच्याबरोबर. आई गेली ती हे धरूनच गेली." ते आपला डावा डोळा रुमालाने टिपत होते, ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी येतंच. "आय अ‍ॅम अ डॉक्टर, मला सगळं कळतं. पण ती बंदूक या टेबलावर आली, तर मग ती परत आली आणि तो नाही आला. मग मला भटजींना फोन करावा लागेल. म्हणून बघतो मी. नाहीये ना, एवढं बघायला येतो."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या वाईटावरच टपलेली होते आणि वर त्यासाठी तूप-वात लावत होते. विकणाऱ्याने सँडविच खाली ठेवलं आणि न विचारताच कागदी कपात त्यांना चहा ओतून दिला.

चहा पिऊन झाल्यावर ते उठले. "अजून त्या पलीकडच्या राहिल्यात," म्हणाले. "वाचता?"

मी भिंग उचललं आणि पुढची बंदूक ओढून घेतली. पुन्हा एकदा एम होता. मी पुढचा आकडा वाचण्याआधी मनातल्या मनात म्हणाले, देवा, ही नको. हीसुद्धा नको.